काळी एक, काळी चार : आपण वाद्यं कशी निवडली

लॅपटॉपवर गाणं रचायचं कुठलंही सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडा. तुम्हाला काही विचारायच्या आधीच ते चार गोष्टी ठरवून मोकळं झालेलं असतं. लय, मिनिटाला १२० ठोके. ठेका, चार मात्रांचा. सप्तक, सारख्या अंतरावरच्या बारा स्वरांचं. आणि या सगळ्याचा खुंटा म्हणजे ‘ए’ हा स्वर ४४० हर्ट्झवर. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला ‘डिफॉल्ट’ म्हणतो. डिफॉल्ट हा कुणीतरी कधीतरी घेतलेला निर्णय असतो, पण वापरणाऱ्याला तो निसर्गनियम वाटायला लागतो. १९८८ साली ठरलेल्या मिडी फाइलच्या नियमांत तर लिहूनच ठेवलंय की फाइलमध्ये लय सांगितलेली नसेल तर १२० धरा आणि ठेका सांगितलेला नसेल तर चार मात्रा धरा.

आता ख्याल गाणाऱ्या माणसाच्या जागी बसून बघा. किराणा ढंगाच्या विलंबित एकतालात एक मात्रा चार-पाच सेकंदांची असते. म्हणजे मिनिटाला बारा ते पंधरा ठोके. काही सॉफ्टवेअर वीसच्या खाली उतरतच नाहीत. त्यांच्या दृष्टीने हे संगीत अस्तित्वातच नाही.

रत्नागिरीत सध्या बरीच पोरं घरच्या खोलीत गाणी करतात. कुणी गणपतीची, कुणी जाखडीची, कुणी आजोबांच्या आवडीच्या नाट्यपदांना नवा साज चढवून. त्यांच्या गप्पांत प्रश्न ठरलेले असतात : माइक कुठला घेऊ, कीबोर्ड कुठला, ‘साउंड’ कुठून आणू? प्रश्न नवे वाटतात, पण याच मातीत ते दीडशे वर्षं विचारले जातायत. कधी नाटक मंडळीच्या मालकाने विचारले, कधी रेडिओच्या साहेबाने, कधी मिरवणुकीतल्या पोरांनी. दर वेळी वाद्य घरात येताना सोबत स्वतःचे डिफॉल्ट घेऊन आलं, आणि काहींनी ते मुकाट मान्य केले, काहींनी ते ओळखून त्यांच्याशी जुळवून घेतलं, तर थोड्यांनी ते बदलले. आपल्याला कुठल्या रांगेत उभं राहायचंय ते ठरवायला हा इतिहास कामाचा आहे.

पेटी का जिंकली

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला आणि मराठी रंगभूमीवर गाण्याचं राज्य सुरू झालं. त्या काळात गळ्याच्या साथीचं वाद्य म्हणजे सारंगी. गळ्याच्या इतक्या जवळ जाणारं दुसरं वाद्य शोधून सापडणार नाही. पण तिच्या अडचणीही मोठ्या. तीसेक तरफा जुळवत बसायचं, आतड्याच्या तारांना दमट हवा सोसत नाही, आणि चांगला सारंगिया तयार व्हायला अर्धं आयुष्य लागतं. आज या गावी, उद्या त्या गावी मुक्काम टाकणाऱ्या नाटक मंडळीचा विचार करा. पडदे, ट्रंका, कपडे, नट सगळं एका जागेहून दुसऱ्या जागी हलतंय, रात्री प्रयोग आहे आणि हवेने तारा उतरल्या आहेत.

तिकडे पॅरिसमध्ये अलेक्सांद्र दबँ नावाच्या कारागिराने १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला हार्मोनियमचं पेटंट घेतलं होतं. पायाने भाता मारायचा, खुर्चीवर बसून वाजवायचं, असं ते वाद्य होतं. मिशनऱ्यांबरोबर आणि साहेबांच्या सामानाबरोबर ते हिंदुस्थानात आलं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या ‘द्वारकिन’ कारखान्याने त्याला भारतीय बैठकीला बसवलं. पाय गेले, भाता मागे आला, डाव्या हाताने हवा आणि उजव्या हाताने स्वर. सतरंजीवर मांडी घालून वाजवता येईल अशी पेटी तयार झाली.

आतली यंत्रणा अगदी साधी आहे. पितळेची पातळ पट्टी एका टोकाला ठोकलेली असते, तिच्याखालून हवा गेली की ती थरथरते. पट्टीची लांबी-जाडी ठरली की स्वर ठरला. पुढे गुजरातेतलं पालिताणा या पट्ट्या बनवण्यासाठी प्रसिद्ध झालं.

मंडळीच्या मालकाच्या नजरेने बघितलं तर हा सौदा फायद्याचाच होता. माइक नसलेल्या थिएटरात पेटीचा आवाज मागच्या रांगेपर्यंत जातो. पेटी उघडली की लगेच सुरात असते. नटाचा श्वास संपला तरी तिचा स्वर संपत नाही, त्यामुळे त्याचा ‘सा’ कधी हरवत नाही. वाजवणारा माणूसही तुलनेने लवकर तयार होतो. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीने खाडिलकरांचं ‘संगीत मानापमान’ रंगमंचावर आणलं, तेव्हा त्याच्या चाली दिल्या होत्या गोविंदराव टेंब्यांनी. टेंबे नामांकित पेटीवादक. तीस वर्षांत साथीला आलेलं वाद्य चाली रचणाऱ्याच्या हातात जाऊन बसलं होतं. गाणं शिकवणाऱ्यांनाही ते सोयीचं वाटलं. विष्णू दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, आणि एका गुरूसमोर एक शिष्य ही रीत सुटून एका वर्गात पंधरा-वीस मुलं बसू लागली. अशा वर्गाला न हलणारा स्वर लागतो.

पेटी किती आत मुरली याचा पुरावा आपल्या बोलण्यात आहे. कुठल्याही गायकाला विचारा, “तुमची पट्टी कुठली?” उत्तर येतं, “काळी एक”, “काळी चार”, “पांढरी पाच”. समोर तानपुरा असला, पेटी खोलीतसुद्धा नसली तरी स्वराचा पत्ता पेटीच्या पट्टीवरूनच सांगितला जातो. वाद्य निवडताना मंडळीने आपली भाषाही निवडली होती, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं.

सेकंदाला साडेपाच थरथरी

पेटीने घेतलं काय, हे मात्र मोजता येतं.

तानपुऱ्याची एक तार छेडली की तिच्यातून एकच स्वर निघत नाही. मूळ कंपनसंख्येच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट असे बरेच स्वर त्यात असतात, आणि जवारीचा दोरा नीट बसला की ते उमलून येतात. त्यातला पाचपटीचा स्वर म्हणजे शुद्ध गंधार. म्हणूनच जुळलेल्या तानपुऱ्यात, कुणी न वाजवता, गंधार ऐकू येतो. तो भौतिकशास्त्राने दिलेला गंधार आहे.

पेटीचा गंधार वेगळा असतो. सप्तकाचे बारा सारखे तुकडे केले की कुठल्याही पट्टीपासून ‘सा’ धरता येतो, ही मोठी सोय होते. पण त्या सोयीसाठी प्रत्येक स्वर थोडा सरकवावा लागतो. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग, म्हणजे सेंट, मानले तर शुद्ध गंधार ३८६व्या भागावर येतो आणि पेटीचा ४००व्या. फरक १४ सेंटचा. पंचमाचा फरक जेमतेम २ सेंट, तो कानाला कळतही नाही.

१४ ऐकायला किरकोळ वाटतात, म्हणून हिशेब करून बघू. काळी एकचा ‘सा’ साधारण १३८.६ हर्ट्झ. त्याची पाचपट ६९३. पेटीचा त्याच उंचीचा गंधार ६९८.५. दोन्ही एका वेळी वाजले की सेकंदाला सुमारे साडेपाच थरथरी येतात. हे प्रयोगाने पडताळता येईल : मोबाइलवरच्या तानपुरा अॅपमध्ये काळी एक लावा, कीबोर्डवर वरच्या सप्तकातला गंधार दाबून ठेवा आणि डोळे मिटून ऐका. आवाजात जी लाट हलताना जाणवेल, तीच ही तडजोड.

दुसरं नुकसान मिंडेचं. पेटीची पट्टी एक तर दाबलेली असते किंवा सुटलेली, मधली वाट नाही. दरबारीचा आंदोलित कोमल गंधार हा एका बिंदूवर बसत नाही, तो हलतो, आणि त्या हलण्यातच राग आहे. पेटीकडे त्यासाठी पट्टी नाही आणि असूही शकत नाही.

सांगलीचा उपाय, दिल्लीचा हुकूम

ही अडचण आपल्याकडे लवकर ओळखली गेली, आणि तिच्यावर दोन टोकांचे उपाय झाले.

पहिला उपाय इंजिनिअरला शोभेल असा होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. तारेच्या लांब्या मोजून, अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयाच्या गळ्याशी ताडून त्यांनी बावीस श्रुतींच्या जागा आकड्यांत मांडल्या आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक छापलं. अर्नेस्ट क्लेमंट्स नावाचे आय.सी.एस. अधिकारी त्यांना मिळाले. दोघांच्या हिशेबावरून लंडनच्या ‘मूर अँड मूर’ कंपनीने १९११ साली श्रुती-हार्मोनियम बनवली. बारा पट्ट्यांनी भागत नाही, तर पट्ट्या वाढवा, इतका सरळ विचार.

१९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. सयाजीरावांचा आश्रय, भातखंडे पुढाकार घेणारे. तिथे या पेटीवर बराच वाद झाला आणि परिषद काही तिच्या बाजूने वळली नाही. अडचण पट्ट्यांच्या संख्येची नव्हतीच. कुठल्या रागात गंधाराची नेमकी जागा कुठली यावर दोन घराण्यांचं एकमत नव्हतं, आणि एकच गवई त्याच रागात चढताना आणि उतरताना वेगळ्या जागी थांबायचा. गळा जिथून वाहत जातो तिथे देवलांचं यंत्र खांब रोवू पाहत होतं. तरी त्यांचा प्रश्न खरा होता. आपल्या काळात डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी बनवली, म्हणजे शंभर वर्षांनीही तो कुणाला तरी स्वस्थ बसू देत नव्हता.

दुसरा उपाय हुकुमाचा. ऑल इंडिया रेडिओच्या दिल्ली केंद्रात पाश्चात्त्य संगीत सांभाळणारे जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराने १९३८ साली ‘द इंडियन लिसनर’मध्ये पेटीविरुद्ध लेख लिहिला. तिच्या नावातला ‘हार्म’ म्हणजे इजा, असा शब्दखेळ त्यांनी शीर्षकातच केला होता. १९४०च्या जानेवारीत रवींद्रनाथ ठाकुरांनीही कलकत्ता केंद्राला पेटीविरुद्ध पत्र पाठवलं. लायनेल फील्डन तेव्हा रेडिओचे प्रमुख होते. १ मार्च १९४० पासून रेडिओवर पेटी बंद झाली. ही बंदी तीस वर्षं टिकली आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून टप्प्याटप्प्याने सैल झाली.

तीस वर्षं देशातल्या सर्वांत मोठ्या माध्यमातून हद्दपार होऊन पेटीचं काय बिघडलं? कोकणातल्या भजनाच्या बारीत ती होतीच. देवळात, शाळेत, नाटकाच्या तालमीत होती. गीतरामायण १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालं तेव्हा बंदी होती. पुढे त्याच गीतांचे जाहीर कार्यक्रम सुधीर फडके करायचे ते स्वतः पेटी वाजवत. पु. ल. देशपांडे पन्नाशीच्या दशकात आकाशवाणीत नोकरी करत होते आणि त्यांची पेटी महाराष्ट्राला ठाऊक होती.

देवलांनी यंत्र सुधारायचं ठरवलं, दिल्लीने ते हाकलायचं ठरवलं. तिसरा मार्ग वादकांनी शोधला आणि तोच टिकला. पी. मधुकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर यांची साथ ऐकताना लक्ष दिलं तर कळतं. वादग्रस्त स्वरावर ते रेंगाळत नाहीत. कण लावून निसटतात. मिंडेच्या जागी दोन-तीन स्वर इतके जवळ आणि इतके हलके ठेवतात की मधली रेघ आपला कान ओढून घेतो. भात्याचा दाब कमी करून स्वराची कड बोथट करतात. गवई आंदोलनात असेल तेव्हा ‘सा’ धरून गप्प राहतात. आपल्या वाद्याला काय येत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि त्या जागा टाळूनच त्यांची शैली घडली.

एक कर्णा आणि तीन मिनिटं

वाद्याइतकंच ध्वनिमुद्रणानेही ठरवलं. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग १९०२च्या अखेरीस कलकत्त्यात आले आणि त्यांनी गौहर जानचं गाणं मुद्रित केलं. माइक नव्हता, वीज नव्हती. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, आवाजाच्या जोराने सुई थेट मेणात खाच पाडायची. जो आवाज कर्ण्याला सोसेल तोच उमटणार. उंच, टोकदार आवाज नीट यायचा, तानपुऱ्याची गुंजन जवळजवळ नाहीशी व्हायची. वेळ साधारण तीन मिनिटं. तबकड्या छापायला जर्मनीतल्या हानोव्हरला जायच्या. तिथल्या माणसांना गायिका ओळखू यावी म्हणून ती शेवटी स्वतःचं नाव सांगायची.

तासभर चालणारा राग तीन मिनिटांत बसवायचा म्हणजे काय काढायचं आणि काय ठेवायचं? अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या ओडियन तबकड्या हे त्याचं उत्तर आहे. विस्तार काढला, स्वर लावायची रीत ठेवली. आणि ज्या गवयाचा गळा देवलांनी श्रुती मोजायला वापरला, त्याच गवयाच्या या तबकड्यांवर साथीला साधी बारा स्वरांची पेटी आहे. त्यांना फरक कळत नव्हता असं कोण म्हणेल? पेटी मागे राहील आणि गळा पुढे, हे त्यांनी गाण्यातच ठरवलेलं ऐकू येतं.

१९२५च्या सुमारास विजेवर चालणारं मुद्रण आलं, १९२७ साली मुंबईत रेडिओ केंद्र सुरू झालं, आणि माइकने उलटा डिफॉल्ट आणला. आता ओरडावं लागत नव्हतं. कुजबुजही मुद्रित होत होती. गजाननराव वाटवे, जी. एन. जोशी यांचं भावगीत या सोयीशिवाय कल्पनेत येत नाही. शब्दाच्या टोकावर आवाज हलका सोडण्याची ती कला मागच्या रांगेपर्यंत पोचवायची कशी, हा प्रश्न माइकने मिटवला. वाद्यं, राग, भाषा तीच होती. बदललं ते गाणाऱ्याचं माइकपासूनचं अंतर.

नागोयाहून मिरवणुकीत

हे सगळं पुण्या-मुंबईच्या मोठ्या माणसांचं झालं. कोकणात आणि गिरणगावात पोरांनी आपलं वाद्य स्वतः निवडलं, ते बेंजो.

नावावरून फसू नका. अमेरिकन बँजोशी त्याचा संबंध नावापुरताच. १९१२ साली जपानच्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी ‘ताइशोगोतो’ नावाचं वाद्य बनवलं. तारांवर टाइपरायटरसारखी बटणं, एका हाताने बटण दाबायचं, दुसऱ्याने तार छेडायची. भारतात त्याचं ‘बुलबुल तरंग’ झालं. त्याला पिकअप लावून अँप्लिफायरला जोडलं आणि मुंबई-कोकणातल्या गणपतीच्या मिरवणुकीत ‘बेंजो पार्टी’ उभी राहिली. रवी जाधवांनी २०१६ साली त्यावर हिंदी सिनेमाही काढला.

निवडीची कारणं ओळखीची वाटतील. गळ्यात अडकवता येतं, स्वस्त आहे, सूर लवकर बसतो, ढोल-ताशाच्या वर ऐकू जातं. मिंड इथेही नाही. मग वादकांनी वेगात तार छेडून स्वर लांबवायची तऱ्हा काढली, आणि अँप्लिफायरचा फाटका आवाज हीच बेंजोची ओळख झाली. दुकानदाराच्या लेखी तो यंत्राचा दोष. मिरवणुकीत मात्र तो आवाज कानावर आला की पाय हलतात.

त्याच मुंबईत, सिनेमाच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजीत सिंग यांनी १९८२ साली दहा रागांची एक एलपी काढली. हाताशी रोलँड कंपनीची तीन यंत्रं होती : टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८. त्यातलं ३०३ हे बेस गिटारची नक्कल करायला बनवलेलं, त्यात फसलेलं आणि १९८४ साली बंद पडलेलं यंत्र. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय होती. पेटीने जी मधली वाट बंद केली होती, ती या जपानी डब्यात उघडी होती आणि सिंगांनी तिथून राग वाजवले. एलपी तेव्हा फारशी कुणी घेतली नाही. २०१० साली ती परदेशात पुन्हा निघाली, तेव्हा शिकागोच्या अॅसिड हाउस संगीताच्या काही वर्षं आधी हाच आवाज मुंबईत निघाला होता म्हणून जाणकार थक्क झाले. सिंगांनी महागातलं यंत्र घेतलं होतं हे खरं, पण बाकीच्यांनीही घेतलं होतं. त्यांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता : या डब्यात सुरांमधून जायला वाट कुठे आहे?

आता आपली खोली

इतक्या निवडी बघितल्यावर खरेदीच्या यादीचा क्रम बदलतो.

सुरुवात गळ्यापासून किंवा हाताने वाजणाऱ्या वाद्यापासून करावी. गाणाऱ्याचा ‘सा’ दोन काळ्या पट्ट्यांच्या मध्ये येत असेल तर सगळा प्रोजेक्ट त्या ‘सा’ला जुळवून घ्या. जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये ४४० हा आकडा बदलता येतो. तो १९३९ साली लंडनच्या एका परिषदेने सुचवलेला सोयीचा आकडा आहे. आपल्याकडे ‘सा’ माणसाबरोबर हलतो.

मग तानपुरा. मिरजेला शिकलगारांच्या, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांच्या घराण्यांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं बनवायला घेतली. पंढरपूरकडच्या भोपळ्यांपासून बनणाऱ्या तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गे एका दिवसात जाऊन येता येतं. तेवढं जमत नसेल तर अॅपचा तानपुरा घ्या, त्यात कमीपणा नाही. बंगळुरूच्या राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक तानपुरा काढला तेव्हाही नाकं मुरडली गेलीच होती. फक्त अॅपमध्ये सूर सेंटने हलवायची सोय आहे का, ते आधी बघा.

माइकच्या आधी खोली. कोकणातली जांभ्याची भिंत गिलावा केला की आवाज परत फेकते. गायकाच्या मागे आणि बाजूला, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून जाड गोधड्या टांगल्या की तीक्ष्ण पडसाद मरतात. खालचा घुमारा मरत नाही, कारण १०० हर्ट्झची लाट साडेतीन मीटरच्या आसपास, म्हणजे खोलीएवढी असते. त्यासाठी कोपरा टाळून बसावं. जून ते सप्टेंबर पत्र्यावर पाऊस वाजत असतो. अशा वेळी संवेदनशील कंडेन्सर माइक पावसासकट सगळं गोळा करतो. तोंडाजवळ धरायचा साधा डायनॅमिक माइक गळाच जास्त उचलतो, कारण अंतर निम्मं केलं की गळ्याची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते आणि पावसाची तेवढीच राहते. शिवाय कंडेन्सरच्या पातळ पडद्याला दमट हवा आणि बुरशी मानवत नाही. तो घेतलाच तर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

कीबोर्ड घेताना किती आवाज भरलेत हे शेवटी बघा. आधी बघा, स्वर वाकवता येतो का? १९८३ साली आलेल्या मिडीमध्ये स्वर वाकवायची सोय आहे, पण ती त्या वाहिनीवरच्या सगळ्या स्वरांना एकदम वाकवते, आणि बहुतेक यंत्रांत तिची मर्यादा दोन अर्धस्वरांची ठेवलेली असते. मर्यादा वाढवता येते. २०१८ साली मान्य झालेल्या एमपीई पद्धतीत प्रत्येक बोटाला वेगळं वाकवता येतं. अनेक सिंथेसायझरमध्ये स्वरांच्या जागा सांगणारी फाइल टाकून गंधार १४ सेंटने उतरवताही येतो. देवलांना लंडनहून मागवावं लागलेलं यंत्र आज एका फाइलीत मावतं.

राहिले ‘साउंड’. इथे नुसत्या सोयीपेक्षा मोठं काहीतरी पणाला लागलंय. जाखडीच्या आणि शक्ती-तुऱ्याच्या गाण्यांत ऑक्टापॅड आणि तयार नमुने भराभर शिरतायत, आणि कारणं मंडळीच्या मालकाचीच आहेत : पावसात चामडं सैल पडतं, पॅड पडत नाही, जुळवायला वेळ लागत नाही, एक माणूस चार माणसांचं काम करतो. ही कारणं खोटी नाहीत. पण पेटी आली तेव्हा सारंगी कशी वाजायची ते तबकड्यांवर थोडंतरी उरलं. तुमच्या वाडीतल्या मृदंगाचा आवाज, त्याच्या डाव्या पुडीवरच्या कणकेचा दमदार ‘धुं’, तो वाजवणाऱ्या म्हाताऱ्याची बोटं कुठल्याच साउंड पॅकमध्ये नाहीत. तो पॅक ज्याने बनवला त्याला ही वाडी माहीत नाही.

म्हणून यंदा गणपतीआधी जाखडीचं गाणं करणार असाल तर पहिली संध्याकाळ खरेदीत घालवू नका. मृदंगवाल्या काकांना बोलवा. त्यांना हवा तसा मृदंग चढवू द्या, मग मोबाइलच्या ट्यूनरवर त्याच्या शाईचा स्वर बघा. तो बहुतेक कुठल्याच पट्टीवर नसेल. जो आकडा येईल तो प्रोजेक्टमध्ये ४४०च्या जागी बसेल असा हिशेब करून लिहा, आणि लय त्यांच्या हाताबरोबर धरा. सॉफ्टवेअर त्यावर काही बोलणार नाही. त्याच्यासाठी तो फक्त एक बदललेला आकडा असतो.